उपाशी ओळ

६ जून

प्रयोगाच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात, तिथे चिडायला जागा नसते. म्हणून ही दुसरी वही.

आज सुपारीची रोपं आली. सकाळी येतो म्हणणारा मकसूद ऐन दुपारी आला, म्हणजे पुण्यात कुणाच्या दाराची बेल वाजवू नये नेमक्या त्या वेळी. वाघोलीहून धायरी म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसरं टोक, मान्य. पण स्वारगेटला अडकलो, हे काय कारण झालं? स्वारगेटला सगळेच अडकतात, म्हणून शहाणी माणसं लवकर निघतात. तसं मी त्याला सांगितलं. तो नुसता हसला. त्याची रोपवाटिका चांगली आहे आणि रोपं मी स्वतः जाऊन एका उंचीची, एका वयाची निवडली होती, म्हणून पुढे बोललो नाही.

मकसूदसाठी एक कप चहा टाक, असं आत जाऊन ताईला सांगितलं. ती ट्रे भरून चहा घेऊन आली, टेम्पोवाल्याला आणि पिशव्या उतरवणाऱ्यांनासुद्धा. वर सगळ्यांसमोर मला म्हणाली, "एकानं प्यायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघायचं, असला पंक्तिप्रपंच आपल्याकडे नसतो, दत्तू." माझे केस पांढरे झाले आहेत. टेम्पोवाल्यासमोर तरी दत्तू म्हणू नये.

मैनाताई माझी थोरली बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असते. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं घेऊन जेवायला बसते. शंभरदा सांगितलं, ऐकत नाही.

७ जून

गच्चीवर हिरव्या जाळीखाली दोन ओळी लावून झाल्या. कशासाठी, ते एकदा इथेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मीच मला विचारायला नको.

औषध कंपनीनं प्रयोगशाळा हैदराबादला हलवली आणि मला हलवलं नाही. तेव्हापासून मी खाली गॅरेजमध्ये अझोस्पिरिलम नावाचे जिवाणू वाढवतो. कंपनीत जिवाणू वाढवायचो ते औषधानं मरतात का ते बघायला. आता वाढवतो ते झाडाला जगवायला. हे मुळांशी राहतात, हवेतला नत्र धरून झाडाला देतात. युरियाचं पोतं जे करतं ते हे फुकटात आणि जमीन न बिघडवता करतात. समोरच्या बंगल्यातल्यांचा समज आहे की मी दारू गाळतो.

श्रीवर्धनचे बाळ वर्तक सुपारी-नारळाचे मोठे बागायतदार आहेत, तिथल्या संघाचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं एवढंच, की पुस्तकातलं सांगू नका, रोपावर दाखवा, दिवाळी झाली की मी येतो. त्यांना पटलं तर अख्खा संघ माझं जिवाणू खत घेईल. नाही पटलं तर वापीला जुन्या साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली आहे, तिच्यावर जाऊन बसायचं. नम्रता बँकेतून येते, गाडी रस्त्यावर लावते, आणि गॅरेजकडे बघून रोज तेच म्हणते, "दिवाळीपर्यंत."

एका ओळीला पंधरवड्याला जिवाणू, दुसरीला फक्त पाणी. नियमानं पिशव्या सरमिसळ ठेवायला हव्यात, पण घरात पाणी घालणारी ताई, ती घोळ घालेल. म्हणून सरळ दोन ओळी आणि दोन पाट्या. ताईनं पाट्या वाचल्या आणि दुसऱ्या ओळीनं काय पाप केलं म्हणून विचारलं. तुलना करायला एक ओळ तशीच ठेवावी लागते, हे मी समजावलं. म्हणजे यांना उपाशी ठेवायचं, असं ती म्हणाली. उपाशी नाही, माती आहे, पाणी आहे, असं मी म्हटलं. यावर तिचं उत्तर, "उपाशीच की." संध्याकाळी नम्रतासुद्धा 'उपाशी ओळ' म्हणू लागली. शास्त्राची घरातली किंमत ही अशी.

२४ जून

पहिला हप्ता दिला. बाटल्या धुण्याचं काम ताईनं स्वतःहून अंगावर घेतलं आहे. तिला नीट सांगितलं, की शिळ्या आणि उरलेल्या बाटल्यांत आधी ब्लीचिंग पावडर घालायची, तास-दोन तास ठेवायचं, मगच मोरीत ओतायचं. तर म्हणे, जिवंत आहेत म्हणतोस ना, मग मोरीत कसे ओतायचे? मी तिला निर्जंतुकीकरण म्हणजे काय त्यावर छोटंसं व्याख्यान दिलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि तू जेवलास का म्हणून विचारलं.

१९ जुलै

आज मन थोडं जाग्यावर आहे. जिवाणू दिलेली ओळ पुढे निघाली. फार नाही, पण डोळ्यांना दिसतं. पानं रुंद, हिरवा रंग दाट. दुसरी ओळ पिवळट आणि खुजी. वर्तकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. कोकणात शब्दांवर कर असावा.

जेवताना मी खुशीत होतो. ताईनं विचारलं, उपाशी ओळ फारच मागे पडली का. मी म्हटलं, चांगलीच मागे पडली, उत्तम झालं.  तिचं ताट तसंच झाकून ठेवून गच्चीवर कपडे काढायला गेली. पाऊस पडत असताना गच्चीवर कसले कपडे, हे विचारायचं राहून गेलं.

२ ऑगस्ट

या घरात एक गोष्ट तरी मनासारखी आहे. ब्लीचिंग पावडरचं पाकीट जूनमध्ये आणलं, अजून अर्धं भरलेलं आहे. ताई काटकसरी आहे खरी. बाटल्याही लखलखीत धुऊन येतात.

दुपारी ती पडत नाही. सगळी धायरी झोपलेली असताना बादली घेऊन गच्चीवर जाते. जरा आराम कर म्हटलं तर म्हणते, वर बरं वाटतं. वाटू दे.

२७ ऑगस्ट

काहीतरी भलतंच चाललं आहे. दुसऱ्या ओळीनं पहिलीला गाठलं. पिवळेपणा गेला, नवे कोंब फुटले. जिला काहीच दिलं नाही ती ओळ अशी उठून बसतेच कशी?

आधी पाण्यावर संशय घेतला. टँकरच्या पाण्यात क्लोरीन असेल, त्यानं माझे जिवाणू मरत असतील. पण ओळी तर दोन्ही त्याच पाण्यावर. मग मातीवर घेतला. मकसूदला फोन करून विचारलं, अर्ध्या पिशव्यांत शेणखत जास्त भरलंस का. तो म्हणाला, "सर, सगळी माती एकाच ढिगातली. तुमच्याच बरोबरची रोपं माझ्याकडं अजून आहेत, ती बघा येऊन. पार पिवळी. तुमच्या दोन्ही ओळी त्यांच्यापेक्षा झकास आहेत." दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाला धीर द्यायला असंच बोलणार. मी त्याला म्हटलं, तुझ्या रोपांचं तू बघ.

१४ सप्टेंबर

जिवाणूंची पुन्हा तपासणी केली. बाटलीतले जिवंत आहेत, ठणठणीत आहेत. पहिल्या ओळीतल्या एका रोपाचं मूळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तिथेही आहेत, हवे तेवढे. म्हणजे पोचतात, राहतात, आणि काम मात्र करत नाहीत. सरकारी कचेरीत बसवल्यासारखे. दुसऱ्या ओळीचं मूळ तपासण्यात अर्थ नाही, तिथे असणार काय?

नम्रता म्हणाली, कुणाला तरी विचारून बघा. कुणाला विचारू? या विषयातला या घरात मी एकटाच आहे.

ताई मात्र हल्ली फार प्रसन्न असते. सकाळी वरून खाली येताना गुणगुणत येते. माझा इथे जीव टांगणीला आणि हिला गाणी सुचतात.

५ ऑक्टोबर

उपाशी ओळ पुढे गेली. नुसती बरोबरीला नाही, पुढे. बुंधा जाड, पानं जास्त, रंग असा की कुणीही बोट दाखवून सांगावं. मीही आता तिला उपाशी ओळच म्हणायला लागलो, इतके हात टेकले आहेत.

याचा अर्थ एकच निघतो आणि तो मला लिहायचा नाही. पण ही वही त्यासाठीच आहे, तर लिहितो. माझे जिवाणू सुपारीला मदत करत नाहीत, उलट रोखतात. गेली दोन वर्षं मी गॅरेजमध्ये जे वाढवलं ते कुचकामी आहे. मला फार वाईट वाटतं आहे. नोकरी गेली तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं. ती कंपनीची प्रयोगशाळा होती. ही माझी आहे.

९ ऑक्टोबर

आकडे झाकून ठेवता येतील. पहिल्या ओळीतली दोन-चार मरतुकडी रोपं काढून टाकायची, दुसरीतली तरारलेली काढायची, सरासरी हवी तशी येते. असं करणारे मी पाहिले आहेत, त्यांच्या हाताखाली कामही केलं आहे. सकाळभर त्यावर विचार केला हे कबूल. मग वर्तकांना जसं आहे तसं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवलं. जिवाणू दिलेली ओळ मागे, न दिलेली पुढे, सबब आपण माझ्यावर विसंबू नये.

लगेच त्यांचा फोन. ऐकून घ्यावं असं काही नव्हतं, पण मी ऐकलं. म्हणाले, "मग ते जे तुम्ही दुसऱ्या ओळीला दिलं नाहीत ना, तेच आमच्या संघाला पाठवून द्या. काहीच न देणं आम्हाला परवडेल." मग म्हणाले, तसंही पुण्यात भाचीकडे काम आहे, ठरल्याप्रमाणे येऊन जाईन. रोपं बघायला की मला बघायला, ते विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर

वापीला होकार कळवला. जुने साहेब आनंदले. मी नाही आनंदलो.

नम्रताला सांगितलं तेव्हा ती कुकर लावत होती. मला वाटलं, सुटलो म्हणेल. ती म्हणाली, "गाडीचं काही अडलं नव्हतं हो. पाऊस लागतो म्हणून म्हणत होते." चार महिने रोज एक शब्द टोचायचा आणि शेवटी हे. माणसानं चिडायचं तरी कशावर?

ताईला अजून सांगितलेलं नाही. दिवाळी आहे, फराळाच्या धांदलीत आहे.

११ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

दिवाळी आटोपली, म्हणून सकाळी ताईला गच्चीवर नेलं आणि सांगितलं, ही सगळी रोपं मकसूद येऊन घेऊन जाईल. खालच्या सगळ्या बाटल्यांत ब्लीचिंग घाल आणि ओतून टाक, मी काम बंद करतो आहे, वापीला जातो. ती बघतच राहिली. एवढी छान रोपं झाली असताना बंद का, हे तिला कळेना. मी म्हटलं, छान झाली ती चुकीची ओळ छान झाली. उपाशी राहिली ती पुढे गेली, म्हणजे मी दिलं ते वाया गेलं. पाच महिन्यांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी दोन्ही ओळी वाढल्या, आणखी काय हवं?

तिचा चेहरा उतरला. कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "दत्तू, त्यांना मी देत होते."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते इथे लिहीत नाही. समोरच्या बंगल्यातले खिडकीशी आले, त्यांना लिहायचं असेल तर लिहोत. उरलेल्या बाटल्या, शिळ्या म्हणून टाकलेल्या बाटल्या, पहिल्या हप्त्यापासून एकूण एक तिनं त्या ओळीला घातल्या होत्या. मोरीत एक थेंब गेला नव्हता. मी मागे पडली म्हणालो त्या दिवसापासून तर जरा सढळ हातानं. किती? तर म्हणे, वाढताना कोणी मोजतं का? कधी कधी? तर, तू यांना दिलंस की दुपारी मी त्यांना, आणि मधेही कधी, मलूल दिसली की.

तसाच खाली गेलो. उपाशी ओळीतलं एक मूळ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. मुळाला जागा उरली नव्हती इतके जिवाणू. माझे. वळवळणारे, कामाला लागलेले.

ऑगस्ट ते नोव्हेंबर मी पाण्याला, मातीला, मकसूदला आणि स्वतःला शिव्या घातल्या. या ओळीचं एक मूळ कापून बघितलं नाही. आनंद झाला, संताप झाला, दोन्ही इतके एकदम की खुर्चीत बसून राहिलो. ताई दाराशी येऊन उभी होती. तिला आत ये म्हणायचं मला सुचलं नाही, मग ती गेली.

१५ नोव्हेंबर

वर्तक आले. उंच, वाळके, हातात कापडी पिशवी, तीत भाचीसाठी आणलेली सुपारी. सगळं घडलं तसं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. दोन्ही ओळींमधून चालले, पानांवर हात फिरवला, माती चिमटीत घेऊन वास घेतला. मी मकसूदकडून मुद्दाम मागवलेली उरलेली रोपं शेजारी ठेवली होती, पिवळी, हातभरही नाहीत अशी. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. मग ताईला विचारलं, तुम्ही कशाच्या अंदाजानं घालत होतात. ताई म्हणाली, अंदाज कसला, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लागू पडतं, ते दिसलं. पण किती घालायचं ते तुम्हाला माहीत नाही आणि यांना आठवत नाही. संघाला मी काय सांगू, बघवेल तेवढं घाला?" बरोबर होतं त्यांचं. वाघोलीची रोपं वेगळ्या पाण्यावर, वेगळ्या उन्हात वाढलेली, त्यांच्यावर मी मोठं काही बोलू शकत नव्हतो आणि बोललोही नाही. शेवटी त्यांनी मुदत दिली. नव्यानं लावा, मोजून द्या, एक ओळ खरोखर कोरी ठेवा. पावसाळ्यापूर्वी मला आकडे हवेत, त्यानंतर नकोत.

ते गेल्यावर वापीला फोन करून नकार कळवला. जुने साहेब चिडले. आज मी सोडून दुसरं कुणी चिडलेलं बघून बरं वाटलं. नम्रतानं ऐकलं आणि गाडीवर टाकायला ताडपत्री कुठे मिळेल ते मोबाइलवर शोधायला लागली.

१६ नोव्हेंबर

सकाळी ताईशी नीट बोलायचं ठरवलं. ओरडायचं नाही, असं आधी स्वतःला बजावलं. ती मेथी निवडत होती, मी समोर बसलो. म्हटलं, पुन्हा लावतो आहे. एक ओळ कोरीच लागणार, तिला या वेळी काही म्हणजे काही मिळता कामा नये. त्यात कुणाचा दुस्वास नाही. दोघी एकाच मातीतल्या, एकाच वयाच्या. एकीला दिलं आणि एकीला नाही, तरच कळतं की दिलेल्यानं काय झालं.

तिनं मान वर केली नाही. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "हे मला कशाला समजावतोस? अण्णांनी तुला कॉलेजात घातलं आणि मला दहावीनंतर घरी बसवलं. तू किती पुढे गेलास ते सगळे इतकी वर्षं माझ्याकडे बघूनच तर मोजतात."

मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या आणि पुढे म्हणाली, "आण तू रोपं. या वेळी मी हात लावणार नाही. पाणी तेवढं घालेन."

माझ्याकडे बोलायला बरंच होतं. दाखले होते, पद्धत होती, अण्णांची तेव्हाची परिस्थिती होती. त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. ती मेथी घेऊन आत गेली.

कोऱ्या ओळीशिवाय प्रयोग होत नाही, हे आजही तितकंच खरं आहे. नवी रोपं सांगायला मकसूदला सकाळीच फोन करायचा होता. संध्याकाळ झाली, अजून केलेला नाही.